वेसण काढलेली गाडी

"मालक कुठं हाईत?" उद्यमनगरातल्या गॅरेजात पाऊल टाकणारा प्रत्येक नवा माणूस प्रीती कांबळेला हेच विचारायचा. "मीच की," हे सांगून सांगून ती विटली होती. वडील भाऊसो बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर; पाना कसा धरायचा ते तिनं त्यांच्याकडूनच उचललं. पुण्यात चार वर्षं नोकरी करून इंजिनाच्या संगणकाचं काम शिकली आणि परत येऊन स्वतःची पाटी लावली. त्या संगणकात बदल करून गाडीची ताकद वाढवायची, म्हणजे रीमॅप करायचं, यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

कसबा बावड्याचे अमरसिंह टर्बो गाडी घेऊन आले तेव्हा तिनं आधी घासलेले टायर बदलायला लावले, इंजिन धरून ठेवणारे सैल माउंट बदलले, मगच लॅपटॉप जोडला.

"दादा, हिला पुढचीच चाकं ओढत्यात आणि वळायचं कामबी त्यास्नीच. पहिल्या-दुसऱ्या गिअरला सगळी ताकद सोडली तर चाक जागेवर फिरतंय आणि स्टिअरिंग एका अंगाला हिसका मारतंय. म्हणून खालच्या दोन गिअरला वेसण घातलीय. तिसऱ्यापासनं पळवा की."

"सिग्नलवरनं मित्रांच्या म्होरं सुटायचं म्हणून तर केलं हे! काढा ती वेसण."

"न्हाय काढणार."

अमरसिंह फणकाऱ्यानं निघून गेले.

तीन आठवड्यांनी गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चेपलेल्या बॉनेटचा फोटो पडला. खाली अमरसिंहांनी लिहिलं होतं, 'बाईनं मॅप केलं, बाईनं चालवली. आणि काय हुणार?' त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुपारी ठरलेलं एक गिऱ्हाईक कळवून टाकून मोकळं झालं, नको म्हणून.

प्रीतीच्या अंगाची लाही लाही झाली. भाऊसो फोनवर म्हणाले, "जाऊ दे बाळ, बोलत्यात लोकं."

"का जाऊ दे? तुमचं काम दुसऱ्यानं बिघडवून नाव तुमचं घेतलं असतं, तर गप बसला असता का?"

भाऊसोंनी 'जेवलीस का?' म्हणून विषयच बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी टोचन करून दारात आली. सोबत हाताला प्लॅस्टर घातलेली एक बाई. अमरसिंहांची बायको, राजनंदिनी.

"बारा वर्सं माझ्या हातात स्टिअरिंग हाय," ती म्हणाली. "उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल केलावता. वळणावर रोजच्यासारखा पाय दाबला, तर गाडीनं स्टिअरिंग हातातनं हिसकून घेतलं. गेली डिव्हायडरवर. मागं सासूबाई होत्या, नशिबानं वाचल्या. मला एवढंच सांगा, चूक माझी का?"

प्रीतीनं लॅपटॉप जोडला. आपण केलेल्या मॅपची फाईल तिनं जपून ठेवली होती. ती आणि गाडीतली आताची फाईल शेजारी शेजारी उघडली. तिच्या फाईलमध्ये पहिल्या गिअरच्या ताकदीची रेघ हळूहळू चढत होती. गाडीतली रेघ सरळ उभी. तिच्यानंतर कुणीतरी हात घातला होता.

"चूक तुमची न्हाय, वहिनी."

राजनंदिनीनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "या हितं. आत्ताच्या आत्ता."

अमरसिंह आले, पडद्याकडं बघून मान खाली घातली. "इचलकरंजीला एकाकडनं काढून घेतली वेसण. सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" प्रीतीचा आवाज असा चढला की शेजारच्या शेडमधलं लेथ थांबलं. "घरात साप सोडायचा, आणि चावल्यावर म्हणायचं हिनं पाय का ठेवला? मी न्हाय म्हटलेलं काम दुसऱ्याकडनं करून घेतलं, बायकोला न सांगता किल्ली दिली, वर बदनामी आमची!"

अमरसिंहांनी मोबाइल काढून लिहिलं, 'थोडा गैरसमज झाला.' राजनंदिनीनं डाव्या हातानं मोबाइल ओढला.

"गैरसमज न्हाय. खोटं बोललो, असं लिव्हा."

त्यांनी लिहिलं. काल खदाखदा हसणाऱ्यांपैकी चौघांनी 'बरोबर'चा अंगठा टाकला; बाकी सारे मुके. त्याचा प्रीतीला जास्तच संताप आला.

राजनंदिनीनं गाडीत कंपनीची मूळ फाईल परत टाकून घेतली. "दोघांची गाडी हाय. फुडं मला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय," तिनं नवऱ्याला तिथंच बजावलं.

आता प्रीती कामाला हात घालण्याआधी विचारते, "घरात आणखी कोण चालवतं? त्यास्नीबी घेऊन या. गाडी कशी वागंल, ते त्यांच्यासमोर सांगणार." काहीजण कुरकुरतात, बायकोला कशाला म्हणतात.

"मग गाडीबी आणू नका," ती म्हणते आणि पुढच्या गाडीखाली शिरते.