लेकरू कोणाचं

गोजराबाईला घेऊन दवाखान्यात जायचं म्हणजे आधी तिच्या एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागे. शेलूबाजारच्या स्टँडवर, गाडी यायच्या आधी, ती लेकराच्या आईला विचारी, "लेकरू कोणाचं?" ती बिचारी बावचळून जाई. कडेवर माझ्या आहे, अंगावर माझ्या पितंय, मग आणखी कोणाचं असणार? "तसं नाई. तोंडानं सांग," गोजराबाई म्हणे. "माझं" असं नीट ऐकल्याशिवाय ती गाडीची पायरी चढत नसे. लोक हसत. बाई चांगली, पण जरा सरकलेली, असं म्हणत.

सरकलेली नव्हती. एकदा हादरली होती, आणि तो हादरा तिच्या अंगातून कधी गेलाच नाही.

दवाखाना तिला ठाऊक झाला तो नवऱ्यापायी. देवमनला क्षय झाला तेव्हा अख्खा पावसाळा तिनं मोठ्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढला. देवमन काही वाचला नाही. पण केसपेपर कुठे काढायचा, कोणती सिस्टर वरून कडक आणि आतून मऊ, डॉक्टर फेरीला आले की कुठे उभं राहायचं म्हणजे ते आपल्याला ओलांडून जाऊ शकत नाहीत, हे सगळं ती शिकून आली. औषधातलं तिला ओ की ठो कळत नसे. दारं मात्र कळत. मग मजुरी करता करता ती गावातल्या पहिलटकरणींना आणि त्यांच्या भेदरलेल्या नवऱ्यांना घेऊन जाऊ लागली. शेतात बैलाला आवरणारा गडी दवाखान्याच्या फाटकाशी शेळी होतो, असं ती म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिला मनकर्णाबाईचा निरोप आला. घर शेतीवाडीचं. सून भागिरथा नुकतीच बाळंत झालेली, मुलगा झालेला. थोरली पोरगी धडधाकट होती, पण तिच्यानंतरचे दोन मुलगे पाचवी पुजायच्या आत पिवळे पडून गेले होते. आता हा तिसरा.

या घराच्या ओसरीवर गोजराबाई कधी चढली नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला जमाना झाला होता, घरातले देव तिनं पाण्यात सोडले होते; पण मनकर्णाबाईच्या लेखी त्यानं काही बदललं नव्हतं. अजून पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. त्या दिवशी मात्र मनकर्णाबाईनं सुपात घातलेलं बाळ अंगणात तिच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि तिच्या तळहातावर वरूनच एक कवडी टाकली.

"उचल त्याले. अन् थे कवडी मले परत दे."

"कायले?"

"लेकरू तुले विकलं. तुमच्याकडचं म्हटलं म्हणजे मरण बी ढुंकून पाहात नाई."

गोजराबाईला क्षणभर ऐकू आलं तेच खरं वाटेना. सौदा त्यांचा, माल त्यांचा आणि मोलही त्यांनीच द्यायचं! पाणी वरून, आणि लेकरू मात्र पदरात! तिच्या अंगाची लाही लाही झाली. असल्या गोष्टी सोडायला म्हणूनच तर दीक्षा घेतली होती. ती पाठ फिरवणार तोच दाराच्या आड उभी असलेली भागिरथा तिला दिसली. नुसते हात जोडून उभी होती. गोजराबाईनं कवडी परत टाकली आणि बाळ उचललं. त्याचं नाव कवडू पडलं.

पाचवीच्या आदल्या दिवशी कवडूचे डोळे हळदीसारखे झाले. दूध ओढायचंही त्यानं सोडलं. मनकर्णाबाई कावीळ उतरवणाऱ्याला बोलवायला निघाली, तेव्हा गोजराबाई अंगणातूनच म्हणाली, "लेकरू माझं हाय ना? मंग मी दवाखान्यात नेतो." स्वतःच केलेल्या सौद्यापुढे मनकर्णाबाईला तिला अडवता येईना.

अकोल्याच्या गाडीत जगदेव, म्हणजे भागिरथेचा नवरा, पिशवी छातीशी धरून बसला होता. भागिरथेनं गोजराबाईचा हात घट्ट धरला.

"बाई, कोणी इचारलं तं तुमचंच सांगजा. दोन गेले. माझ्या तोंडून माझं म्हणून निंघालं तं हे बी जाईन."

"बरं," गोजराबाई म्हणाली. एका शब्दानं पोरीला धीर येत असेल तर आपलं काय जातंय, असं तिला वाटलं. पुढे जन्मभर तिला त्या "बरं"ची धडकी भरायची.

दवाखान्यात सगळं भराभर झालं. कवडूला बघताच सिस्टरनं त्याला आत नेलं आणि बाहेर येऊन विचारलं, "बाळाची आई कोण?" भागिरथेनं मान वळवली. गोजराबाई चाळिशीतली, आणि बाळ तिच्याच पदरातून गेलेलं. ती म्हणाली, "मी." सिस्टरनं तिचा दंड बांधला, सुई टोचली आणि रक्ताची नळी भरून नेली. दवाखान्यात विचारलं त्याला उत्तर द्यायचं आणि मागितलं ते द्यायचं, ही गोजराबाईची रीत होती.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. कपाळाला आठ्या.

"बाई, कधी कधी आईचं रक्त बाळाच्या रक्ताशी वैर धरतं, मग बाळ असं पिवळं पडतं. पण तुमच्या रक्तात तसलं काही नाही. ठीक आहे. बाळाचं रक्त बदलावंच लागेल. तुमच्या रक्ताशी जुळवून बाटली आणायला सांगितलीय."

"माझ्या रक्ताशी?"

"मग कोणाच्या? आईच्या रक्ताशीच जुळवतात."

गोजराबाईच्या पायाखालची जमीन सरकली. "साहेब, अन् आई दुसरीच कोणी असंन तं?"

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. "तर ती बाटली चढवली की मूल हातचं जाईल. का विचारता?"

तिनं बोट भागिरथेकडे केलं. बाटली थांबवायला सांगत डॉक्टर आत धावले, आणि सिस्टर दुसरी नळी घेऊन भागिरथेपुढे आली. भागिरथा भिंतीला पाठ लावून उभी होती. चोळी दुधानं भिजून गेली होती, आणि तोंडानं ती म्हणत होती, "माझं नाई. थे बाईचं हाय."

सिस्टर थक्क झाली. असलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. पोरं टाकून पळणाऱ्या आया तिनं पाहिल्या होत्या. पण पान्हा फुटलेला आणि तरी माझं नाही म्हणणारी ही पहिलीच. "अगं, आत ते मरतंय," ती म्हणाली. भागिरथेनं हात पदराखाली लपवले. जगदेव नुसता एकीकडून दुसरीकडे बघत होता. गोजराबाईला वाटलं, हिच्या एक मुस्काटात द्यावी. हात उचललाही होता. पण मग पोरीच्या डोळ्यांतली भीती तिला दिसली. ही खोटं बोलत नव्हती. लेकराला वाचवत होती, आणि वाचवता वाचवताच मारणार होती.

गोजराबाई तिच्यापुढे उकिडवी बसली.

"आयक. थे लेकरू म्या घेतलं, मालकीण मीच ना?"

"व्हय."

"मंग मी विकू शकतो का नाई?"

भागिरथा बावरली. "कोणाले?"

"तुले. विकत घेतलेल्या लेकराले कोणाची नजर लागते? काय देतं, बोल लवकर."

भागिरथेनं इकडेतिकडे पाहिलं. मग मनगटातली एक हिरवी बांगडी ओढून काढली आणि तिच्या हातात ठेवली. गोजराबाई म्हणाली, "विकलं. आता लेकरू कोणाचं?"

पोरीचे ओठ हलले, आवाज फुटेना. गोजराबाईनं पुन्हा विचारलं. "माझं," भागिरथा म्हणाली, आणि दंड पुढे केला.

तिचं रक्त निराळं निघालं. तेच ते वैर धरणारं. त्याच्याशी जुळणारं रक्त मिळेपर्यंत गोजराबाई व्हरांड्यात ती बांगडी मुठीत आवळून बसली होती. मगाशी "मी" म्हणताना आपल्याला किती सोपं वाटलं, हेच तिच्या डोक्यातून जात नव्हतं. रक्त बदललं, आणि कवडूचं पिवळेपण हळूहळू उतरलं. त्याला घरी न्यायला सांगितलं, त्या सकाळी तो भुकेनं रडून रडून लाल झाला होता.

घरी पोचले तेव्हा बाळ गोजराबाईच्या हातात होतं. मनकर्णाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ओसरीवर चटई टाकली. "बस व बाई." गोजराबाई त्या ओसरीवर पहिल्यांदा चढली. जगदेव भोळेपणानं सगळं सांगत गेला, रक्ताचं, बाटलीचं आणि बांगडीचंही.

"म्हंजे वापस घेतलं?" मनकर्णाबाईनं विचारलं. "मंग आता आमचं झालं." तिनं बाळ खाली ठेवायला लावलं, त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि उचलून घेतलं. "तू खाली उतर, गोजरा. पाणी आणून देतो."

डॉक्टरला अडवून उभी राहणारी गोजराबाई इथं मात्र कोणाला अडवू शकली नाही. ती उतरली आणि ओंजळ धरायला वाकली. मनकर्णाबाई लोटा घेऊन आली.

तेवढ्यात भागिरथेनं सासूच्या खांद्यावरून कवडूला काढून घेतलं. अंगणात आली. त्याला गोजराबाईच्या हातात दिलं, आणि तिला दंडाला धरून पुन्हा वर चटईवर नेऊन बसवलं.

"काय करून राह्यली?" मनकर्णाबाई म्हणाली.

"लेकरू माझं हाय," भागिरथा म्हणाली. "कोणाच्या मांडीवर द्याचं, थे मी ठरवीन."

या वेळी तो शब्द तिच्याकडून कोणी वदवून घेतला नव्हता. भागिरथेनं सासूच्या हातातला लोटा घेऊन गोजराबाईच्या हातात दिला. गोजराबाईनं एका हातानं कवडूला सावरलं आणि लोट्याला तोंड लावून पाणी प्यायली.