हक्कसोडीची साडी

गेल्या आठवड्यात माझ्या आईला माहेरून साडी आली. ना दिवाळी, ना कुणाचं लग्न... आजोबा तेवढे गेलेले. मी लगेच ओळखलं, हक्कसोड!

आमच्याकडे ही रीतच आहे. वडील गेले की सातबाऱ्यावर मुलींचीही नावं लागतात. मग भाऊ साडी घेऊन येतो, गाडी करतो आणि बहिणीला रजिस्टर ऑफिसला नेतो. तिनं 'माझा हक्क सोडला' म्हणून सही करायची, हॉटेलात जेवायचं आणि हसत घरी यायचं. नाही केली, तर माहेर तुटलं म्हणे.

आईच्या लग्नाच्या वेळी वडिलोपार्जित शेतात मुलीला मुलाइतका हक्क नव्हताच. तो मागाहून आला... आधी आपल्या राज्यात, मग देशभर. आणि आला तसा आमच्या बायका साडीवर सोडून देतात. माझं डोकंच फिरतं!

मामा वाईट नाहीत हो. आईच्या माहेरी, न्हावऱ्याला ऊस, कांदा, गाई सांभाळून असतात आणि आईच्या कडेवरच वाढलेत. सगळे करतात तसं आपणही करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात.

मी आईशी खूप भांडले. "मला शेत नको, भाऊ पाहिजे," एवढंच ती म्हणाली.

तर बुधवारी मामा-मामी गाडी घेऊन आमच्याकडे दौंडला आले. आई नवी साडी नेसून तयार, मी तोंड फुगवून सोबत. शिरूरला पोचल्यावर मामा कागद दाखवायला ऑफिसात गेले आणि आम्ही तिघी बाहेर बाकावर बसलो.

आमची मामी म्हणजे अबोल बाई. मामांपुढे तिनं कधी शब्द काढलेला मी ऐकला नाही. ती एकदम आईचा हात धरून म्हणाली, "वन्सं, सही करू नगा."

आई तिच्याकडे वळली. "का गं?"

"मी क्येली व्हती ना म्हायेरी, वरवंडला. भाऊ म्हनले, म्हायेर ऱ्हाईल. साडी दिली, जेवू घातलं... आन् त्या दिवाळीपास्नं न्यायला कुनी आलं न्हाई. ती साडी तशीच हाय कपाटात, घडीबी मोडली न्हाई मी."

तेवढ्यात मामा बाहेर आले. "चल आक्का, नंबर आला." आई उठेना. मामीनं काय सांगितलं ते कळल्यावर मामा तिच्यावर खेकसले, "तुला काय कळतंय यातलं?"

"मला न्हाई कळनार, तर कुनाला कळंल?" मामी म्हणाली.

मामीला न्यायला येत नाहीत म्हणून दर दिवाळीला तिच्या भावांच्या नावानं शिव्या घालणारे आमचे मामा... हातातल्या कागदांची घडी घालत राहिले. मला त्या क्षणी त्यांची दयाच आली.

आई हळूच म्हणाली, "बापू, शेत तूच कर. मला त्यातलं काई नगं. फकस्त नाव ऱ्हाऊ दे माझं."

मामांनी कागद पिशवीत घातले. मग म्हणाले, "चला, जेवून घिऊ." जेवून त्यांनी आम्हाला दौंडला सोडलं. चहालाही थांबले नाहीत.

घरी आल्यावर आईनं साडी घडी करून मांडीवर घेतली. "परत पाठवू का गं?" एवढंच विचारलं. माहेर गेलं, असंच तिनं धरलं होतं. मीही आतून घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

आज सकाळी मामांचा फोन आला. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "आक्का, खालच्या तुकड्यात औंदा काय करायचं? ऊस ठिवायचा का कांदा लावू?"

साठी उलटली आईची. त्या शेतात राबून मोठी झाली, पण तिथं काय लावायचं हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. स्पीकर बंद करून ती गॅलरीत गेली आणि कितीतरी वेळ बोलत होती...

आत आली ती डोळे पुसतच. "कांदाच लाव म्हटलं," म्हणाली.

कायदा करणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण आमच्या उंबऱ्याच्या आत तो मामीनं आणला, स्वतःचं सगळं गमावून झाल्यावर.

आईनं मला आत्ताच बजावलंय, यंदा दिवाळीला न्हावऱ्याला जायचं आणि मामीला माहेरपणाला दौंडला घेऊन यायचं.