अंधारात पिकणारा कागद

कोल्मारच्या चित्रछापखान्यात ओडिल शिर्मर अकरा वर्षे तळघरातल्या नारिंगी हौदाशी उभी होती. काजळी आणि सरसाचा लेप दिलेला कागद बायक्रोमेट क्षाराच्या त्या पाण्यात भिजवून वाळवला, की तो उजेडाला जागा होई: ऊन लागेल तिथला सरस घट्ट होऊन राही, बाकीचा कोमट पाण्यात धुऊन जाई. पण त्याच पाण्याने तिच्या बोटांना वाटाण्याएवढी भोके पाडली होती. ती फारशी दुखत नसत, भरतही नसत. शेजारी काम करणारी बार्ब म्हणे, "रविवारी तुझे हात दे गं, सूप गाळते." ओडिल हसे. मात्र हेच हात पाहून पाववाल्याने तिला पीठ मळायला ठेवले नव्हते. दुसरीकडेही कोणी ठेवले नसते. सुटका असलीच तर छापखान्याच्या गच्चीवर. तिथे वाळलेले कागद काचेच्या चौकटींत घालून उन्हात मांडत, आणि हात कोरडे राहत.

जूनमधल्या एका शनिवारी मुकादम कुंत्सने तिला गच्चीवर परीक्षेला बोलावले. बिशपच्या चित्राचे दोन कागद उन्हात धरायचे आणि सोमवारी धुवायचे, असे ठरले. एकदा उजेड लागलेला कागद बंद डब्यातही पिकत राहतो, हे ओडिलला पक्के ठाऊक होते. दोन दिवसांची ती वाढ धरून तिने चौकटी बऱ्याच आधी उतरवल्या.

दुपारी बिशपचा माणूस आला. त्याला चित्र आजच हवे होते. कुंत्सने एक कागद कोमट पाण्यात सोडला. बिशपचा चेहरा पाण्याबरोबर वाहून गेला, काळा झगा तेवढा उरला. ओडिलने कारण सांगितले. कुंत्सने ते ऐकून घेतले.

"अंधाराच्या भरवशावर काम करणारी बाई मी उन्हात कशी ठेवू?"

सोमवारी तिने दुसरा कागद स्वतः धुतला. पापण्यांची छटासुद्धा उमटली होती. कुंत्सने तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला, आपली चूक कबूलही केली.

"पण ओडिल, कागद इतका एकसारखा भिजवणारी दुसरी बाई दाखव मला. तू वर आलीस तर खाली कोण?"

बार्बचे नाव तिच्या ओठांवर आले. पण बार्बच्या अंगठ्यातले भोक गेल्या हिवाळ्यात हाडापर्यंत गेले होते. ते नाव न घेताच ओडिल जिना उतरली.

"काय म्हणाला?" चरबीची डबी पुढे सरकवत बार्बने विचारले.

"चित्र चांगलं आलंय म्हणाला."

ओडिलने बोटांतली भोके एकेक करून चरबीने बुजवली आणि पहिला कागद पाण्यात सोडला.