दम मोजणाऱ्यांची बॅच

केळीच्या एका बुंध्याला पिल्लं फुटत राहतात, तसे आमच्या बॅचचे किस्से. एक उपटावा तर बाजूला दोन हजर! रविवारी संध्याकाळी गिरीजच्या नाक्यावर चहा प्यायला बसलो की आठवड्याभराचे साठलेले निघतात, आणि माझा मित्र ॲल्विन मला टोमणा मारतो, "हर्षल, तू कुठलाही किस्सा काढ, पाचव्या वाक्याला त्यात दर्शना येतेच."

साफ खोटं आहे. तिसऱ्याच वाक्याला येते!

तर दर्शना. अर्नाळ्याची, कोळ्यांची पोरगी. मी, ती आणि ॲल्विन, असे वसई-विरारचे आम्ही तिघं स्पोर्ट्स सायन्सच्या पदवीला एका वर्गात होतो. तीन वर्षं वर्गात पहिला नंबर माझा, हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आज ती एका मोठ्या क्रिकेट संघाची स्पोर्ट्स सायंटिस्ट आहे. मी विरारच्या एका जिममध्ये लोकांची पोटं आत घालवतो. जळतो का? जळतो! चारचौघांत कबूल करायला मला लाज नाही.

* * *

पहिल्याच महिन्यात कॉलेजात पालकसभा होती. आमच्या सरांनी प्रत्येक आईबापाला एकच प्रश्न विचारला, "तुमचा मुलगा इथे नेमकं काय शिकतोय, सांगाल का?"

माझे बाबा वाडीतली पानवेल अख्खी ओळखतात, पण इथे अडखळले. "पीटीचंच काहीतरी ना?" ॲल्विनची मम्मी म्हणाली, "डॉक्टरच, पण इंजेक्शन न देणारा." सर कपाळाला हात लावून बसले.

मला हा प्रकार होणार हे माहीत होतं. म्हणून मी आदल्या आठवड्यात सरांना दीड पानाची व्याख्या लिहून दिली होती, नोटीस बोर्डावर लावायला. 'बहुआयामी' हा शब्द त्यात चार वेळा होता.

तेवढ्यात दर्शनाची आई आली. मासळीबाजारातून थेट, टोपली दाराबाहेर ठेवून. सरांनी तिलाही तेच विचारलं.

"माजी पोर धावनाऱ्यांचा दम मोजते," ती म्हणाली. "कोनात किती हाय, आनि कुठं संपतो, ता बगते."

सर उठून उभेच राहिले! दुसऱ्या दिवशी ते वाक्य लॅबच्या दारावर रंगवलेलं होतं. माझी दीड पानं कुठे गेली म्हणून मी आठवडाभर शोधत होतो. शिपायाच्या टेबलावर सापडली, चहाच्या कपांखाली.

* * *

शरीरातली चरबी मोजायला एक चिमटा असतो. दंडाची, पोटाची कातडी चिमटीत धरायची, चिमटा लावायचा, आकडा वाचायचा. तीन वेळा मोजायचं आणि तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. सोपं वाटतं ना? माझे आले चौदा, सतरा आणि अकरा.

दर्शनाचे आले चौदा, चौदा, चौदा!

"हात कुठे बसला गं एवढा?" सरांनी विचारलं. ती म्हणाली, "सर, घरी बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत असतात. दाबून बघावं लागतं, आतून ओला आहे की सुकला. लहानपणापासूनचं काम आहे."

आता आमच्या वाडीत बोंबील कुठून आणू? मी त्या शनिवार-रविवारी घरातला एक माणूस सोडला नाही. बाबांना चिमटे, काकांना चिमटे, पोस्टमनलासुद्धा एक. आई भाकऱ्या थापत होती, तिच्या दंडाला तिसऱ्यांदा हात घातला, तेव्हा ती वळलीसुद्धा नाही.

"हर्षल, तवा तापलाय," एवढंच म्हणाली.

तिथे माझी प्रॅक्टिस संपली.

* * *

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट होता. विषय माझा आणि दर्शनाचा एकच निघाला, घाम. मेहनतीआधी माणसाचं वजन करायचं, मेहनतीनंतर करायचं, फरक म्हणजे अंगातून गेलेलं पाणी. मी एसी लॅबमध्ये सायकली लावल्या. दर्शना म्हणाली, "मी आमच्या बंदरावर करते, होड्या ओढणाऱ्यांवर."

मी हसलो. ॲल्विनला म्हटलं, "बघ हां, माशांच्या काट्यावर माणसं तोलणार ही!"

आणि खरंच तोलली! वाळूत आमचा डिजिटल काटा वेडेवाकडे आकडे दाखवायला लागला, तेव्हा तिने लिलावाचा मोठा काटा मागून आणला. तिचे काका आधी चिडले, "मी काय घोळ मासा हाय, काट्यावर टाकायला?" मग चढले. दोन तास होडीवर घाम गाळून पुन्हा चढले. दीड किलो कमी! काकांनी सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं विचारलं, "दीड किलो? आनि रोजचा? मंग मी उरलोच कसा?"

त्या दिवसापासून अर्नाळ्याच्या त्या होड्यांवर पाण्याचे जास्तीचे कॅन जायला लागले. प्रोजेक्टच्या वहीचा शेवटही तिने त्या कॅनवरच केला.

इकडे माझा मुख्य सब्जेक्ट, म्हणजे ज्याला मोजायचं तो, होता ॲल्विन. तासभर सायकल मारली, मध्ये एकदा "टॉयलेटला जाऊन येतो" म्हणून गेला, परत आला, पुन्हा मारली. मी वजन केलं. काटा पुसला. पुन्हा केलं.

तीनशे ग्रॅम वाढलं होतं!

"ॲल्विन, खरं सांग, कुठे गेला होतास?"

"टॉयलेटला. पण टॉयलेट वडापावच्या गाडीच्या पलीकडे आहे, त्याला मी काय करू?"

सरांनी माझ्या वहीवर शेरा मारला, 'व्यायामाने वजन वाढवण्याची नवी पद्धत. अभिनंदन.' दर्शनाला त्या वर्षीचं प्रोजेक्टचं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवायला मीपण होतो. तळहात दुखेपर्यंत वाजवल्या, कारण कोणी बघितलं तर जळतोय असं वाटायला नको.

* * *

डिग्री झाल्यावर पुढे काय, असं फर्स्ट इयरची पोरं मला अजून विचारायला येतात. मी म्हणतो, खूप वाटा आहेत! आमच्या वर्गातला एक प्रोटीन पावडर विकतो. एक शाळेत लागला, शिट्टीसकट. एकजण कबड्डीच्या मॅचचे व्हिडिओ बघून कोण कितीदा डावीकडे वळतो ते मोजतो, त्याला व्हिडिओ ॲनालिस्ट म्हणतात.

ॲल्विनलाही ॲनालिस्टच व्हायचं होतं. गावाजवळच्या एका फुटबॉल टीमने त्याला घेतलं. आता ॲनालिसिसला मॅच उंचावरून शूट करावी लागते, आणि मैदानाला ना गॅलरी ना टॉवर. बाजूला होता फक्त एक माड.

ॲल्विनला माडावर चढता येतं, वाडीतलाच आहे. फक्त मोबाइल हातात धरून उतरता येत नाही, हे त्याला वर गेल्यावर कळलं. हाफटाइमला कोचने खालून ओरडून विचारलं, "ॲल्विन, आपला डिफेन्स कुठे कमी पडतोय?"

वरून आवाज आला, "सर, डिफेन्सचं नंतर! आधी मला उतरवा!"

खालून कोणीतरी हे शूट केलं, तो व्हिडिओ नेटवर टाकला आणि भलताच गाजला. आज तीन टीम त्याला बोलावतात. माझे स्क्वॉट शिकवणारे व्हिडिओ आहेत, शास्त्रशुद्ध, संदर्भांसकट. बघणाऱ्यांत आई, बाबा आणि जिमचा मालक. मालकही अर्धाच बघतो.

* * *

दर्शना टीव्हीवर दिसते. दर वेळी नाही, पण दिसते. टीमचा ट्रॅकसूट, हातात टॅब, बाउंड्रीच्या कडेला उभी. आणि दिसली रे दिसली की आई स्वयंपाकघरातून ओरडते, "हर्षल, तुझी मैत्रीण!" मी आंघोळीला असलो तरी दार वाजवते.

एकदा शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ही तिथे काय करते?"

मी म्हटलं, "काही नाही हो, खेळाडूंना पाणी देते."

नेमका तेव्हाच टीमचा भलामोठा फास्ट बॉलर पुढची ओव्हर टाकायला निघाला होता. दर्शनाने टॅबमध्ये बघितलं, मान हलवली आणि बोटाने त्याला बाहेर बोलावलं. कॅप्टन धावत आला, हात जोडून काहीतरी म्हणाला. तिने पुन्हा मान हलवली. एवढा सहा फुटी गडी मुकाट्याने बाहेर येऊन खुर्चीत बसला!

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आईने शेंगा सोलता सोलता म्हटलं, "पाणी देणारीचं बरंच ऐकतात रे."

* * *

आता हा शेवटचा. हा मी नाक्यावर एकदाच सांगितलाय, ॲल्विन आजारी होता त्या रविवारी.

दर्शनाला जी नोकरी लागली, तिची गोष्ट. जागा एकच होती. शेवटच्या फेरीला उरलो दोघंच, ती आणि मी. आणि त्या फेरीत तोंडी प्रश्न नव्हते. प्रॅक्टिकल होतं. ट्रेडमिलवर सब्जेक्टला पळवायचं, दर मिनिटाला वेग वाढवायचा, तोंडाला मास्क, छातीला पट्टा. माणूस अगदी संपेपर्यंत पळवायचं आणि त्याचा दम किती ते काढायचं. सब्जेक्ट आपापला आणायचा, असं पत्रात होतं.

पण ही टेस्ट सरावाच्या माणसावरच नीट होते. नवा माणूस मास्क लावला की घाबरून उतरतो. ॲल्विनच्या बहिणीचं नेमकं त्याच दिवशी लग्न. शेवटी दर्शनाचाच फोन आला, "अरे, तीन वर्षं एकमेकांनाच पळवलंय ना? मी तुझ्यासाठी पळते, तू माझ्यासाठी पळ." मी हो म्हटलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आधी माझा नंबर होता, म्हणजे पळायची ती. मी वेग वाढवत गेलो. नववं मिनिट, दहावं मिनिट. तिचा चेहरा लाल झाला, अकराव्याला पाय वेडेवाकडे पडायला लागले, तरी हात वर करेना. बाराव्याला तिने हात वर केला आणि मशीन थांबताच गुडघ्यांतून खाली गेली. मी धरलं. मास्क काढल्यावर पाणीसुद्धा मागितलं नाही. दमली की ती घरची बोली बोलते, तशी म्हणाली, "किती आला? सांग ना बेगीन!"

तीन वर्षांतला तिचा सगळ्यात मोठा आकडा आला होता. समोर बसलेल्या मॅडम माझा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "सब्जेक्टकडून उत्तम काम करून घेतलंत."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. नोकरी जवळजवळ खिशात होती. पण माझ्या मनात काय आलं, सांगू? ही माझ्यासाठी एवढं पळाली, म्हणजे हिला स्वतःची केवढी खात्री असेल! मी कितीही चांगला दिसलो तरी चालेल, आपण त्याहून चांगलेच आहोत, अशी खात्री. मला तिची तीच खात्री सहन होईना.

मग मी मशीनवर चढलो. ती पॅड घेऊन शेजारी उभी राहिली, केस अजून कपाळाला चिकटलेले. पाचवं मिनिट, सहावं, सातवं. मला छान वाटत होतं. अजून पाच मिनिटं सहज पळालो असतो.

आठव्या मिनिटाला मी हात वर केला.

सब्जेक्टने हात वर केला की थांबवायचंच, असा नियम आहे. तिने मशीन थांबवलं. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"ठोके एकशे एकाहत्तर. ह्याचे एकशे अठ्ठ्याण्णवला जातात मॅडम. तीन वर्षं मीच मोजतेय."

"मग त्या आकड्यावरून अंदाज काढून द्या. फॉर्म्युला आहे ना."

"नाही मॅडम. टेस्ट अपुरी आहे. आकडा मी देणार नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "मग हा थांबला कशाला?"

फॉर्मच्या तळाला चौकटी असतात. चाचणी थांबण्याचं कारण : पाय, दम, चक्कर, इतर. 'इतर'च्या पुढे एक रिकामी रेघ. कारण सब्जेक्टलाच विचारायचं आणि तो सांगेल ते लिहायचं.

"बोल," दर्शना म्हणाली. "कारण काय लिहू?"

"पाय," मी म्हणालो. मला धापसुद्धा लागली नव्हती.

तिने खाली वाकून 'इतर'वर टिक केली. पॅड माझ्यासमोर ट्रेडमिलच्या दांडीवर टेकवलं, त्यावर पेन ठेवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"फुडचा तूच लिही," ती म्हणाली. "मी वाचनार नाय."