‘अदर’ भाषेतल्या अक्का

फिलोमेना अक्का मंगळवारी गेल्या.

मराठी कळणारे फादर आमच्याकडे गुरुवारी येतात.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण संताप मावत नाहीये, म्हणून सगळंच लिहितो.

अक्का बेळगावच्या. लग्न होऊन के. आर. पुरमला आल्या, त्याला चाळीसेक वर्षं झाली. नर्स होत्या. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे नवीन आलो होतो, चर्चच्या दारात आईशी फोनवर बोलत होतो, तेवढं ऐकून त्यांनी माझा हात धरला.

"मराठी काय? मग रविवारी चारला मिस्साला ये. चहा पिऊन येऊ नको, मी आणते."

महिन्यातून एकदा ती मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, व्हायची. आम्ही वीसेक जण असू. आदल्या दिवशी अक्का प्रत्येकाला फोन करायच्या. न येणाऱ्यालाही.

मग गेल्या वर्षी तीन चर्च मिळून ‘क्लस्टर’ झालं. फादर कमी पडतात हे खरं आहे, त्यावर माझं भांडण नाही. तीन चर्चना दोन फादर, एक ऑफिस, एक टाइमटेबल. मराठी मिस्सा ‘टेम्पररी’ बंद झाली. टेम्पररी म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे.

मीटिंगमध्ये अक्का उभ्या राहिल्या. "फादर वाटून घ्या, नको म्हणत नाही. पण मरायचं कुठल्या वारी, ते पण बोर्डावर लावा की."

सगळे हसले. मीही हसलो.

आजारी माणसासाठी घरी फादर हवे असतील तर ऑनलाइन फॉर्म भरायचा, असं ठरलं. तो फॉर्म मी बनवला. आयटीवाला ना मी.

भाषा निवडा: इंग्लिश, कन्नड, तमिळ, कोंकणी, अदर.

अक्कांनी तो माझ्या फोनवर चष्मा लावून वाचला. "मराठी कुठाय?"

"अदरमध्ये, अक्का."

"मी अदर काय रे?" मग स्वतःच म्हणाल्या, "सरी. तू केलायस म्हणजे चांगलाच असणार."

या रविवारी त्यांना धाप लागली. हॉस्पिटल नको म्हणाल्या. नर्स होत्या, त्यांना कळलं होतं.

"मला कन्फेशन करायचंय, विल्सन. मराठीत. भाजी कन्नडात आणली, नोकरी इंग्रजीत केली. पापं मात्र सगळी मराठीत झालीत."

सोमवारी सकाळीच फॉर्म भरला. भाषा: अदर. खालच्या रिकाम्या चौकटीत ‘मराठी’ लिहिलं. वर ऑफिसला फोनही केला.

"सर, फॉर्म आ गया है. सिस्टम से असाइन होगा."

आमच्या चर्चपासून ते ऑफिस स्कूटरवर पंधरा मिनिटं. आणि आम्ही सिस्टमची वाट बघत बसलो.

मंगळवारी दुपारी दुसरे फादर आले. केरळचे, तरुण, घामाघूम. सकाळपासून त्यांचं हे तिसरं घर होतं. त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही.

मी बाहेर थांबलो. दाराआडून शब्द कळत नव्हते, पण बेळगावचा हेल ओळखू येत होता. अक्का बराच वेळ बोलल्या.

फादर बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "आय डिडन्ट फॉलो द वर्ड्स. आय गेव्ह हर अ‍ॅब्सोल्यूशन."

पापांची क्षमा दिली, पापं मात्र कळली नाहीत. नियमात ते बसतं म्हणे.

आत गेलो. अक्का म्हणाल्या, "सांगितलं सगळं. देवाला कळलं असेल. पण समोरच्या माणसाला पण कळायला हवं होतं रे."

तासाभरात गेल्या.

लेक मस्कतहून पोचली तोवर गुरुवार उजाडला. टाइमटेबलप्रमाणे मराठी कळणारे फादर आले, तेही बेळगावचेच. माती देऊन झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारी दिवसभर मी ऑफिसातच होतो. मला कुणी सांगितलंच नाही."

दिवसभर. माझा फोन उचलणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर.

मी तिथून तडक ऑफिसात गेलो, भांडायलाच. तिथल्या माणसाने शांतपणे फॉर्मची शीट उघडून दाखवली. ‘अदर’ आलं की आपोआप इंग्लिशवाल्या फादरांकडे. रिकाम्या चौकटीत लिहिलेलं शीटमध्ये येतच नव्हतं.

तो नियम मीच टाकला होता. चहा पिता पिता.

भांडायला गेलेला माणूस जिना उतरून खाली आला.

तरी राग गेलेला नाही. कमिटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय, ‘अनफॉर्च्युनेट, बट प्रोसेस वॉज फॉलोड.’ खाली हात जोडलेले अकरा इमोजी. अहो, एक बाई चाळीस वर्षं तुमच्या चर्चमध्ये येत होती. फोन उचलणाऱ्याला मान वळवून "फादर, मराठी येतं ना तुम्हाला?" एवढं विचारता आलं नाही? फादर वाटून घ्या, हॉल वाटून घ्या, प्रिंटर वाटून घ्या. माणूस ओळखायचं काम तरी माणसाकडे ठेवा.

रविवारी चारला आम्ही जमतोय. फादर असोत नसोत. फोन मी करतोय सगळ्यांना, न येणाऱ्यांनाही.

अक्का, फॉर्मच्या यादीत मराठी टाकलंय. चूक माझी होती. हे कन्फेशन मराठीत केलंय, कुणाला तरी कळेल.

शांत निजा.