पेवातला उजेड

माझ्या जावयाला बॅटऱ्यांचा नाद. आमच्याकडं हातातल्या टॉर्चला बॅटरीच म्हणतात, अन् तिच्या पोटात घालतात तो सेल. मी तसंच लिहिते, समजून घ्या. जावई मूळचे नांदेडचे, लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. माणूस सोन्यासारखा. पान नाही, तंबाखू नाही, कुणाला वर आवाज नाही. पण कुरिअरवाला दारात आला की माझी लेक कपाळाला हात लावते, "आली बघा आणखी एक सवत!"

एकदा दुपारी माझ्या लातुरातल्या घरी, कोठीच्या खोलीत, दार-खिडकी लावून, त्यांनी दोन बॅटऱ्या पेटवून दाखवल्या. एक बुटकी, जाडजूड. तिचा उजेड सांडलेल्या दुधासारखा चारी भिंतींवर पसरला, कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा मला लपवता येईना. दुसरी लांबट, तोंडाशी फुगीर. तिचा उजेड पसरत नव्हता, पळत होता. फटीतून बाहेर गेला तो समोरच्या हॉस्टेलच्या टाकीवर जाऊन चिकटला. भर दुपारी, सावलीत! तिथं राहणाऱ्या क्लासच्या पोरी हॉस्टेलच्या जिन्यातनं ओरडल्या, "सर, आमची टाकी काय चोर आहे का?"

मी म्हटलं, "जावईबापू, ह्यात काय सूर्य कोंबलाय का?"

तर त्यांनी सेल काढून माझ्या तळहातावर ठेवला. बोटाएवढा. "मामी, हा लिथियमचा. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल, म्हणून नावच अठरा-सहाशेपन्नास. अन् हा थोरला, एकवीस-सातशे. तुमचे जुने तीन सेल एकावर एक ठेवले तरी ह्या एकट्याएवढा करंट एका दमात देणार नाहीत. अन् हा पुन्हा भरतो, शेकडो वेळा."

मला ते नाव लई आवडलं. वस्तूचं मापच वस्तूचं नाव. आमच्यात नाही का, पायली म्हणजे मापही अन् भांडंही!

मग त्यांनी बाजारातनं आणलेला एक स्वस्तातला सेल दाखवला. त्याच्यावर चांगल्या सेलाच्या तिप्पट आकडा छापलेला. म्हणाले, "हा खरा की खोटा, हे बघायला मशीनवर रात्रभर लावावा लागेल." मी दोन्ही सेल दोन हातांत घेतले, जरा झुलवले, अन् म्हटलं, "हा पोचट आहे." जन्मभर जोंधळा हातात घेऊन किडका कुठला ते सांगितलेला हात माझा. जावई हसले. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन: "आई, मशीननं पण तेच सांगितलं. हे सकाळपास्नं गप्प बसलेत."

पण एक गोष्ट मला त्या नव्या बॅटरीची खटकायची. आमच्या ह्यांची तीन सेलांची जुनी बॅटरी होती, पत्र्याची. तिचा सेल उतरला की उजेड पिवळा व्हायचा, मग तांबूस, मग नुसता निखारा. आम्ही सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचो, दोन दिवस आणखी निघायचे. ती म्हातारीसारखी हळूहळू निरोप घ्यायची. ही नवी शेवटपर्यंत पांढरीशुभ्र, अन् एकदम बंद. जावई म्हणायचे, "हाच तर तिचा गुण, मामी." असेल. मी काय शिकलेली नाही.

तर अशात एक दिवस गावाकडनं दिराचा फोन आला. "वहिनी, पेवाचं तोंड सापडलं."

आता हे सांगायला पाहिजे. निलंग्याकडं आमचं गाव. भूकंपात घरं पडली, तेव्हा सरकारनं गाव उठवून दुसरीकडं वसवलं. जुन्या गावठाणात आमच्या अंगणात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. वर माणूस जाईल एवढं तोंड, आत रांजणासारखं पोट. जोंधळा भरायचा, वर फरशी, फरशीवर माती. भूकंपाच्या आधी आठवड्याभरातच आम्ही ते उघडलं होतं. निम्मा जोंधळा काढला, अन् माझ्या सासूबाईंची पितळी पायली आतच दाण्यांवर राहिली. "राहू दे, उद्या काढू," म्हणून फरशी लावली. तो उद्या आला नाही. भिंत पेवावरच आडवी झाली. आम्ही सगळे जगलो, हेच लई होतं. पण सासूबाई नव्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये, नंतर पक्क्या घरात, जाईपर्यंत म्हणत राहिल्या, "माझी पायली तेवढी खाली राहिली गं." त्यांच्या माहेरची होती ती. जोंधळा गेला त्याचं दुःख त्यांनी कधी काढलं नाही.

आता दिरानं पडक्या भिंतीचे दगड ट्रॅक्टरनं हलवले, तर खाली फरशी शाबूत.

जावई म्हणाले, "मामी, मी येतो. रविवारी क्लास नाही." अन् दोन्ही बॅटऱ्या घेतल्या, वर भरलेले चार सेल डबीत घालून. सणाला निघाल्यासारखे निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. दिरानं सकाळीच फरशी सरकवून ठेवली होती. बाहेर एवढं ऊन, तरी तोंडातनं आत बघितलं तर काळाकुट्ट अंधार. उन्हानं अंधार जास्तच काळा दिसत होता. पूर्वी आम्ही आरसा धरून उन्हाचा कवडसा आत टाकायचो, तो थरथरायचा, धड काही दिसायचं नाही.

जावयानं बुटकी बॅटरी आत धरली अन् कळ दाबली.

काय सांगू तुम्हाला! जमिनीच्या पोटात दिवस उगवला. इतक्या वर्षांत कुणाच्या डोळ्याला न दिसलेली ती भिंत गोल फिरत लखलखली. शेणामातीचं लिंपण जसंच्या तसं. मी गुडघ्यावर बसले. तिथं बोटांच्या कमानी उमटलेल्या होत्या. उजव्या अंगाला सासूबाईंच्या, एकसारख्या, जशा रांगोळीच्या ओळी. डाव्या अंगाला माझ्या. नवी नवरी होते मी, अंगानं बारीक म्हणून सासूबाईंबरोबर मलाही दोरानं आत सोडलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "काय गं, कोंबडीनं उकरल्यावाणी लिंपलंस!" खरंच तशाच होत्या. भूकंपानं आमचं सगळं गाव मोडलं, अन् माझी वाकडी बोटं तेवढी जपून ठेवली. सासूबाईंची बोटं तर आता ह्या जगात दुसरीकडं कुठंच नव्हती.

अन् तळाशी, काळ्या पडून खचलेल्या जोंधळ्यावर, पायली. कलंडलेली. बॅटरीच्या उजेडात तिची कड चमकली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काढता येईल का हो?"

"येईल का म्हणजे? हा उतरलो." जावयानं बॅटरी माझ्या हातात दिली अन् बूट काढले. दिरानं शिडी सोडली. "सकाळपास्नं उघडं हाय, वास बी न्हाई," दीर म्हणाला. जावई म्हणाले, "अन् हवा तर बघा, धुळीचा कणसुद्धा नाही. आरपार दिसतंय." खरंच दिसत होतं. दोन पायऱ्या ते उतरलेही. कमरेपर्यंत आत गेले. मी त्यांना अडवलं नाही. आज लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच लिहिते. त्या उजेडानं मी दिपून गेले होते. एवढा उजेड असल्यावर भ्यायचं कशाला, असंच मला वाटलं.

मी बॅटरी धरून होते. ती जरा वर उचलली, जावयाला पायरी दिसावी म्हणून. तर पेवाच्या गळ्याला, तोंडाच्या अगदी खाली, काजळीचा एक काळा डाग दिसला. तळहाताएवढा.

तिथं दिवा टेकवायचो आम्ही. उतरायच्या आधी.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की दिरानं शिडीच धरली. "वर या. आधी दिवा सोडू."

जावई तिथनंच हसत म्हणाले, "मामी, दोन हजार लुमेन उजेड आत सोडलाय, अन् तुम्ही पणती मागताय?"

"वर या म्हणते ना! लेकीला काय सांगू मी?"

आता चेष्टा थांबली. ते वर आले. पण दिवा कुठला? तिघांकडं मिळून तीन मोबाइल, दोन बॅटऱ्या, चार सेल. काडेपेटीसुद्धा नाही. शेवटी गावठाणाच्या कडेला दर्गा आहे, तो तेवढा भूकंपातही उभा राहिलेला, तिथं मी गेले. मुजावराची बायको माझ्याच वयाची, माझ्याबरोबरच नांदायला आलेली. म्हणाली, "कायकू गं, दिवसाढवळ्या दिवा?" मी सांगितलं. ती काही न बोलता आत गेली, जुम्मेरातला, म्हणजे गुरुवारी, लावतात तो मातीचा दिवा तेल घालून आणला, काडेपेटी आणली, अन् स्वतःही आली. दिरानं तोवर दोर बांधून बादली आणली होती, पदराच्या आडोशानं तिनंच तो बादलीत लावला.

दिरानं दोर सोडायला सुरुवात केली. जावई कडेनं बॅटरी धरून होते, म्हणून सगळं स्वच्छ दिसत होतं. एक हात गेला, ज्योत सरळ. दोन हात, ज्योत सरळ. दीर म्हणाला, "बघा, काय न्हाई." तिसऱ्या हाताला ज्योत लांबट झाली, जशी कुणीतरी चिमटीत धरून ओढावी. मग निळी. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढी. अन् गेली. वारा नाही, फुंकर नाही. नुसती गेली.

पुन्हा लावला. पुन्हा तिथंच गेला.

मग जावयानं काय केलं, ती लांबट बॅटरी दोराला बांधली अन् चालू करून खाली सोडली. तिसरा हात गेला, चौथा गेला, पार तळाला जाऊन पायलीशेजारी टेकली. तिचा उजेड तसूभरही हलला नाही. जिथं दिव्याचा जीव गेला, तिथं ती मजेत जळत पडली होती. तिला श्वासच लागत नाही ना! आम्ही चौघं कडेनं वाकून बघत राहिलो. मुजावराची बायको हळूच म्हणाली, "या अल्लाह."

जावई म्हणाले, "सडक्या धान्यातनं कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, खाली बसतो. मामी, हे पेपरात आलं असतं तर मी झोपेत सोडवलं असतं."

पायली आम्ही गळानं काढली. विहिरीत पडलेली बादली काढतात तो लोखंडी आकड्यांचा गळ दिराच्या घरी होता. मी बुटकी बॅटरी धरली, दिरानं दोर हलवला. बॅटरी हाताला चटके द्यायला लागली, पदर गुंडाळून धरली, पण सोडली नाही. आकडा तीनदा निसटला, चौथ्यांदा पायलीच्या कानात बसला. वर आली तेव्हा आत मूठभर काळा भुगा होता. तो मी पुन्हा पेवातच टाकला. जावयानं दोराची लांबट बॅटरी वर ओढून दगडांत टाकली, अन् दिरानं फरशी लावली. माझी बोटं अन् सासूबाईंची बोटं पुन्हा अंधारात गेली.

मुजावराची बायको दिवा न्यायला वाकली, तर जावई म्हणाले, "राहू द्या मावशी, मी आणतो." त्यांनी तो विझलेला दिवा बादलीतनं काढला, रुमालानं काठ पुसला, वातीकडं जरा बघितलं, अन् तेल सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून, अनवाणीच, दर्ग्याच्या वाटेला लागले.

मी मागनं ओरडले, "अहो जावईबापू, बॅटरी चालूच राहिली!"

त्यांनी वळून बघितलं नाही. दगडांत पडली होती ती, त्या टळटळीत उन्हात जळत. मी उचलली, पण बंद करायची कळ काही मला सापडेना. तशीच पायलीत ठेवली अन् त्यांची वाट बघत बसले.