विळीचा दसरा

आमच्या भावकीत दसऱ्याला तलवार नाही, विळी पुजतात. पूर्वजांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, ते मोडलं आणि सरकारने कायदा काढला, की या लोकांच्या घरात हत्यार दिसता कामा नये. शिपाई नेमके दसऱ्याच्या सकाळी आले. सगळी हत्यारं पाटावर मांडलेली, वर झेंडू वाहिलेला. शोधायला लागलंच नाही. भाजी चिरायला विळी तेवढी सोडली. तो दिवस सरकारला कुणी सांगितला, यावरून आमच्या दोन घरांत आजही धुसफूस चालते. त्या फितुराला मीही लहानपणापासून शिव्या घालत आलो. शिव्यांना काय, पैसे पडत नाहीत.

मी अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यातल्या एका लेबर कॅम्पचा सुपरवायझर. चुलते त्याच कंपनीत वेल्डर; मला इथे आणलं त्यांनीच. आमचा मजला सगळा कोकणातला. त्यातच त्या दुसऱ्या घरातला एक ड्रायव्हरही राहतो.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर मारामारी झाली, एकाने सुरी उगारली. कुणाला लागलं नाही, पण मॅनेजरची झोप उडाली.

"पूरे कॅम्प का चाकू-छुरी जमा करो," तो मला म्हणाला. "लेकिन छुपाएंगे तो?"

खोल्याखोल्यांतून गाद्या उलटत बसायचा मला कंटाळा होता. मी म्हणालो, "सर, परसों हमारा दसरा है. हमारे फ्लोअर पे सब पूजा में रखते हैं. एक ही जगह मिलेगा."

"खलास. परसों."

मला शहाणपणा केल्यासारखं वाटलं. आपण काय बोलून बसलो, ते दसऱ्याच्या सकाळी खोका घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा कळलं. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर मजल्यावरच्या सगळ्या सुऱ्या ओळीने आणि मधोमध काकांची गावाहून आणलेली विळी. हळदकुंकू अजून ओलं होतं. काकांनी विळी पंच्याने पुसली आणि स्वतःच खोक्यात ठेवली.

"हात सांभाळ, धार आहे," म्हणाले.

संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. "यांना नेमका आजचा दिवस कळला कसा रे?"

"कंपनीचा नियम आहे, काका."

"नियम असेल. पण कुणीतरी फोडलंच. तुझा नाइलाज होता, तू मनाला लावून घेऊ नकोस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो ड्रायव्हर. त्यांचं रक्तच तसलं."

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं, आणि मला लाज वाटली म्हणून मी ते उघडलं नाही.

काका आता कायमचे गावी गेलेत. बायको परवा फोनवर सहज म्हणाली, की त्या ड्रायव्हरच्या आईला यंदा वाडीत कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आमच्या घरानेही नाही.